संयुजांचा डाव

क्रिकेट खेळतात, बुद्धिबळ खेळतात, पत्ते मात्र आपल्याकडे 'कुटतात'. या एका क्रियापदात मराठी पांढरपेशा घराने पत्त्यांविषयीची आपली सारी नाराजी साठवून ठेवलेली आहे. गणपतीच्या जागरणात, लग्नघरी, लोकलच्या डब्यात हाच खेळ आपण खपवून घेतो. परंतु शाळेच्या वर्गात पत्ते निघाले असे नुसते कानावर आले, तरी मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठी पडते. अशा स्थितीत रसायनशास्त्राचा एक महत्त्वाचा भाग पत्त्यांनी शिकवावा असे सुचवणे हे काहीसे धाडसाचेच म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखकाने ते धाडस वीस-बावीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी केले आणि त्याचे फळही भोगले. आज त्या खेळाची बाजू मांडावीशी वाटते. आणि त्याचे दोषही लपवू नयेत असे वाटते.

विज्ञानाची गोडी असलेला विद्यार्थी नेमका कोठे दुरावतो, हे ज्यांनी आठवी-नववीचे वर्ग घेतले आहेत त्यांना सांगावयास नको. तोवरचे विज्ञान डोळ्यांना दिसणारे असते: लोहचुंबक, भिंग, रुजलेले बी. मग एके दिवशी फळ्यावर संयुजांचा तक्ता येतो. सोडियम एक, कॅल्शियम दोन, ॲल्युमिनियम तीन. क्लोराइड एक, सल्फेट दोन, फॉस्फेट तीन. एक-दोन-तीन कशाचे, हे विचारण्यापूर्वीच तो तक्ता पाठ करावयाचा असतो. त्यानंतर 'तिरकस गुणाकार': याचा आकडा त्याच्या खाली, त्याचा याच्या खाली, की झाले सूत्र तयार. पद्धत सोयीची आहे, उत्तरही बहुधा बरोबर येते. पण ते का येते याचा पत्ता ना विद्यार्थ्याला असतो, ना पुष्कळदा शिकवणाऱ्याला. म्हणूनच तिरकस गुणाकार प्रामाणिकपणे करणारा मुलगा मॅग्नेशियम ऑक्साइडचे सूत्र दोन मॅग्नेशियम आणि दोन ऑक्सिजन असे लिहून मोकळा होतो, आणि दोन-दोन 'छेदायचे' का, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

वस्तुतः या साऱ्या प्रकरणामागे एकच साधी गोष्ट आहे. मिठाचा खडा हाताला झटका देत नाही. कोणताही पदार्थ समग्र घेतला असता विद्युतभाराच्या दृष्टीने तटस्थ असतो. म्हणून त्यातील धन भारांची बेरीज आणि ऋण भारांची बेरीज सारखीच असावी लागते. हे वाक्य प्रत्येक वहीत असते, परीक्षेत लिहिलेही जाते. परंतु वहीत लिहिलेले वाक्य आणि हाताने पाळलेला नियम यांत पोहण्यावरचे पुस्तक आणि पोहणे यांच्याइतके अंतर आहे.

पहिला कॅट मी जुन्या लग्नपत्रिकांचा केला. जाड कागद, एक बाजू कोरी, आणि पैसा खर्च नाही. साठ पाने: तीस धन आयनांची तांबड्या शाईने, तीस ऋण आयनांची निळ्या शाईने. प्रत्येकावर नाव, चिन्ह आणि भाराचा आकडा. पाच जणांचा गट, प्रत्येकाला सात पाने, पुढे रमीप्रमाणे एक उचलावे, एक टाकावे. हातातील काही पानांची बेरीज शून्य झाली की ती मांडावीत आणि तयार झालेल्या पदार्थाचे नाव मोठ्याने सांगावे. कोणी आक्षेप घेतला आणि तो खरा ठरला, तर पाने पुन्हा हातात. नियम एवढेच.

पहिल्याच दिवशी दोन फजित्या झाल्या. पाठीवरच्या छापील मजकुरामुळे मुलांना पाने ओळखू येऊ लागली; 'चि. सौ. कां.' हे अक्षर दिसले की ते ॲल्युमिनियम, हे मागच्या बाकावरच्या तज्ज्ञांनी अर्ध्या तासात हेरले. (त्यावर वह्यांना घालतात तो खाकी कागद चिकटवावा लागला.) दुसरी फजिती अधिक बोधप्रद होती. सर्वांनी सोडियम आणि क्लोराइडच्या जोड्या जमवण्याचा सपाटा लावला, आणि सगळा डाव मिठाचा झाला. सोपे ते करून गुण मिळत असतील तर अवघडाकडे कोण वळेल? तेव्हा गुणांची रीत बदलली: एका पदार्थात जितकी पाने, त्या संख्येचा वर्ग. मिठाला चार गुण. पण तीन कॅल्शियम आणि दोन फॉस्फेट एकत्र आणणाऱ्याला पंचवीस. दुसऱ्या दिवसापासून मीठ कोणी मांडेना. मुले तीन आणि दोन यांचा लघुतम साधारण विभाज्य शोधू लागली, आणि आपण गणित करीत आहोत हे त्यांच्या गावीही नव्हते.

तथापि खेळाचे खरे मर्म मला त्या आक्षेपांत दिसले. शिक्षकाच्या तांबड्या शाईने चूक दाखवली की मुलगा मान खाली घालतो. शेजारच्याने दाखवली की तो भांडतो. भांडायचे तर कारण द्यावे लागते. वर्षभर ज्यांचा आवाज ऐकला नव्हता अशी मुले 'सल्फेट एकच आहे, दोन भार उरतात' असे तावातावाने सांगताना मी ऐकली आहेत. एके दिवशी एकाने एक पोटॅशियम, एक ॲल्युमिनियम आणि दोन सल्फेट अशी चार पाने मांडली. गटाने एकमुखाने आक्षेप घेतला: दोन धातू एका पदार्थात कसे? मुलाने शांतपणे बेरीज सांगितली: एक आणि तीन चार, दोन दुणे चार. निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आले. त्याला नाव सांगता येत नव्हते. पण त्याने नकळत मांडली होती ती तुरटी. स्फटिकातले पाण्याचे रेणू वगळले, तर तुरटीचे सूत्र नेमके तेच आहे. तिरकस गुणाकाराने त्याला तुरटी कधीच सापडली नसती, कारण त्या रीतीत दोहोंपलीकडे तिसऱ्याला जागाच नाही.

हे सारे फार दिवस चालले नाही. शाळेत पत्ते शिकवतात, अशी एका पालकांची तक्रार आली आणि कॅट लोखंडी कपाटात बंद झाला. पालकांना मी दोष देत नाही; पत्त्यांपायी उद्ध्वस्त झालेली घरे त्यांनी पाहिली असतील.

आज काळ पालटला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळातून शिक्षण हा शब्दप्रयोग अधिकृत केला. अमेरिकेत जीनियस गेम्स या संस्थेने २०१५ साली 'आयन' नावाचा पत्त्यांचा खेळ बाजारात आणला; त्यातही धन आणि ऋण आयनांची पाने निवडून तटस्थ संयुगे जुळवावयाची असतात, आणि निष्क्रिय वायूंची पाने, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, एकटीच ठेवावयाची असतात. तेव्हा पूर्वी जे लपून करावे लागे, ते आता 'उपक्रम' म्हणून अहवालात लिहिता येईल. मला भीती वाटते ती इथेच. कारण खेळ या नावाखाली काहीही चालू लागते. सोडियमच्या पानाशी त्याच्या चिन्हाचे पान जुळवणे हा पाठांतराचाच रंगीत अवतार झाला. क्रिकेटपटूंच्या पत्त्यांप्रमाणे 'माझा अणुक्रमांक मोठा की तुझा' असे विचारीत पाने जिंकणे यात चार आकडे कानावरून जातील. रसायनशास्त्र जाणार नाही. कसोटी एकच लावावी: पानावरची चिन्हे पुसून तिथे फळांची चित्रे काढली, तरी खेळ तसाच चालतो का? चालत असेल, तर त्यातले रसायन वरून फासलेले आहे. आयनांच्या खेळात भाराचा आकडा पुसला की खेळच बुडतो. कारण निसर्गाचा नियम हाच तिथे डावाचा नियम आहे.

पत्ते आणि रसायन यांचे नाते तसे जुने आहे. सेंट पीटर्सबर्गचा प्राध्यापक मेंडेलीव्ह १८६९ साली विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. तोवर ६३ मूलद्रव्ये ठाऊक झाली होती, आणि ती कोणत्या क्रमाने शिकवावीत हा त्याच्यापुढचा पेच, म्हणजे अस्सल मास्तरी पेच, होता. एकेका मूलद्रव्याचे गुणधर्म त्याने एकेका पानावर लिहिले आणि एकट्याने खेळावयाच्या पत्त्यांसारखी ती पाने मांडून पाहिली, अशी कथा प्रसिद्ध आहे. त्यांपैकी एकही पान हाती नसल्याने इतिहासकार या कथेविषयी साशंक आहेत, आणि ते रास्तच आहे. परंतु कथा बाजूला ठेवली तरी मांडणी उरते, आणि तीत त्याने रिकाम्या ठेवलेल्या जागा उरतात. ॲल्युमिनियमखालच्या न सापडलेल्या मूलद्रव्याला त्याने संस्कृतातला 'एक' हा शब्द लावून 'एका-ॲल्युमिनियम' म्हटले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधकर्त्याने त्याची घनता ४.७ मोजली, तेव्हा मेंडेलीव्हने ती ५.९ च्या आसपास असावयास हवी असे कळवले. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजली असता ती ५.९ भरली. ज्याने ते मूलद्रव्य कधी पाहिले नव्हते, त्याचा अंदाज पाहणाऱ्याच्या मोजणीहून बरोबर ठरला.

आता दोषांकडे वळू. पत्त्यांचा खेळ एक खोटी समजूत हमखास रुजवतो: एक सोडियम आणि एक क्लोराइड जोडीने, नवराबायकोसारखे, संसार करतात ही. मिठात असा जोडीचा रेणू नसतोच. त्याच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोण कोणाचा, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. हे ध्यानात आल्यावर मी सर्व गटांच्या कॅटांतली सोडियम आणि क्लोराइडची पाने गोळा केली, बाके मागे सारली आणि ती जमिनीवर बुद्धिबळाच्या पटासारखी, तांबडे-निळे-तांबडे, अशी मांडली. प्रत्येक पानाला चार शेजारी मिळाले. मग एका मुलीने विचारले, 'सर, वर आणि खाली?' आणि सहाची संख्या तिनेच पुरी केली. ही पाच मिनिटे टाळून कोणी हा खेळ शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा दोष याहून मूलगामी आहे. दोन ॲल्युमिनियम आणि तीन कार्बोनेट यांची बेरीज शून्य येते. पाने पाच, गुण पंचवीस. नियमाप्रमाणे डाव बिनचूक. पण पाण्याच्या द्रावणात हे ॲल्युमिनियम कार्बोनेट करू गेलात तर ते हाती लागत नाही. बेरीज म्हणते होय, निसर्ग म्हणतो नाही. पत्त्यांना हे सांगता येत नाही. भार जुळणे ही संयुग होण्याची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. आणि हा भेद कागदावर शिकवण्याचा मी पुष्कळ यत्न केला, तो साधला नाही. शेवटी चहावाल्याकडून काचेचे दोन ग्लास मागवले, कारण शाळेच्या परीक्षानळ्या फुटतील या धास्तीने कुलपात होत्या. एका ग्लासात तुरटीचे पाणी, दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचे. सोड्याचे पाणी तुरटीच्या पाण्यात ओतताच फेस उसळला आणि तळाशी पांढरे, फणफणीत नव्हे, तर खिरीसारखे बुळबुळीत काहीतरी जमले. कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेले होते. मागे राहिले होते ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की पाण्यातल्या क्षारांशी मिळून हाच पांढरा साका धरतो आणि गाळाला घेऊन तळाशी बसतो, हे सांगितल्यावर वर्गातील निम्म्या मुलांना आपापल्या घरची कळशी आठवली.

म्हणून, खेळाला शासनमान्यता मिळाल्याचा आनंद मानताना मला एक शंका छळते. प्रयोगशाळेला खर्च येतो, पत्त्यांना येत नाही. उद्या एखाद्या शाळेने पत्ते आहेत म्हणून परीक्षानळ्यांचे कुलूप तसेच राहू दिले, तर पूर्वीची घोकंपट्टी बरी म्हणण्याची पाळी येईल. तिने निदान आपण निसर्ग पाहिला असा आभास तरी निर्माण केला नव्हता. गुणपत्रिकेत या खेळाचे गुण धरण्याचा मोहही आवरावा. गुण मोजू लागलो की मुले पुन्हा मीठच मांडतील.

येत्या जूनमध्ये कोणाला हा डाव मांडावयाचा असेल, तर अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. कॅट आपण करून देऊ नये. पहिला नमुना दाखवावा आणि बाकीचे मुलांना करू द्यावेत, पाने लिहितानाच निम्मा तक्ता हाताखालून जातो. लोखंडाचे पान दिवाळीनंतर आणावे. त्याच्या एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला तीन लिहावे, म्हणजे रमीतल्या एक्क्याप्रमाणे ते दोन्हीकडे चालते हे मुलांना चटकन कळते. चांदीचे पान घालू नये, तिचे हायड्रॉक्साइड टिकत नाही आणि निवाडे करता करता तास संपतो. आठवड्याला अर्धा तास पुरे. आणि पत्त्यांच्या डब्यातच तुरटीचा एक खडा व धुण्याच्या सोड्याची पुडी ठेवावी. कोणीतरी ॲल्युमिनियम कार्बोनेट मांडेलच, त्या वेळी शोधाशोध नको.