जीपच्या पोटातले तेल

पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून जीप घातली असेल, तर दिवाळीच्या आत एकदा तिच्या पोटाखाली शिरा. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, तिथेच असते. जुन्या जीपच्या या पेटीला खालून पत्र्याचे झाकण असते. गाडी सपाट जागी लावून चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जाऊ नये, मग घाई कितीही असो.

आधी तेल भरायचा बाजूचा प्लग सुटतो का ते पाहा. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढून टाकले, तर गाडी जागेवरच अडकेल. मग कोमट तेल खालच्या प्लगमधून घमेल्यात काढा. (घमेले घरातले नको, चार दिवस बोलणी खावी लागतील!) तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा. अशा तेलावर बेअरिंगे फार दिवस टिकत नाहीत.

आता झाकणाचे बोल्ट काढा, शेवटचे दोन नुसते ढिले ठेवा. झाकण चिकटले असेल तर लाकडाने हलके ठोका. स्क्रू-ड्रायव्हर खुपसलात तर कडा वाकेल आणि गळती मागे लागेल. तळाशी करडा मऊ गाळ असायचाच, पण गिअरच्या दाताचा तुकडा हाताला लागला तर मेकॅनिकला दाखवा.

कडा स्वच्छ करा, बोल्टच्या भोकांपाशी पत्रा फुगला असेल तर ठोकून सपाट करा. नवे पॅकिंग घालून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले तेल बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत भरा. काढलेले तेल डब्यात साठवा, विहिरीपासून लांब.