हाडांची मुदत ठेव

पाठ दुखू लागली, थकवा जाईना, उंची इंचभर कमी झाली की घरातील मंडळी 'आता वय झाले' असे म्हणून विषय मिटवतात. पुष्कळदा या तक्रारींच्या मुळाशी एखाद्या ग्रंथीचा बिघाड असतो. तो शोधणे हे एंडोक्रिनॉलॉजिस्टचे, म्हणजेच अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाचे काम. एम.डी. झाल्यावर आणखी तीन वर्षे याच विषयाचा अभ्यास करून हे डॉक्टर डी.एम. होतात. मधुमेह आणि थायरॉइडसाठी लोक त्यांच्याकडे जातात; हाडांसाठीही जावे, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत लवकर उमगेल. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत असते. ती मुदत ठेव. रक्तातील अल्पसे कॅल्शियम हे चालू खाते. हृदय, स्नायू व मज्जातंतूंचा रोजचा व्यवहार त्यावर चालतो. तेथे शिल्लक कमी पडली की थायरॉइडच्या मागे असलेल्या, दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी ठेवीतून रक्कम वळती करतात. यांपैकी एखादी ग्रंथी वाढली, तर गरज नसतानाही ठेव मोडली जात राहते. हाडे ठिसूळ होतात, रक्तात कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडात खडे होतात. मग मुतखड्यासाठी एक डॉक्टर, मोडलेल्या मनगटासाठी दुसरे, बद्धकोष्ठासाठी तिसरे, आणि तीन निरनिराळ्या फायली! हा तज्ज्ञ त्या एकत्र वाचतो. रक्तातील कॅल्शियम व पॅराथायरॉइड हार्मोन एकाच वेळी तपासले की बहुधा उलगडा होतो; ती ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. अशा रुग्णाने शेजाऱ्याच्या सल्ल्याने कॅल्शियमच्या गोळ्या घेणे धोक्याचे असते.

अर्थात हा विकार तुलनेने कमी आढळतो. रजोनिवृत्तीनंतर होणारी हाडांची झीज मात्र घरोघरी आहे. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल, तर त्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ड जीवनसत्त्वाची उणीव तर पुरुषांतही दिसते. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री ते ओढेपर्यंत गादीवर बसणाऱ्यास ऊन मिळणार कोठून?

उपचार घेताना आपले नियम डॉक्टरांना सांगण्यास पुष्कळजण संकोचतात. हा संकोच अनाठायी आहे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. नवकारशी करणाऱ्यांनी पच्चक्खाण पारल्यावर प्रथम उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि मग थांबावे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी.

मधुमेहींच्या उपवासाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन उपवास केला, तर साखर अकस्मात उतरून शुद्ध हरपू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमुळे उपवासात रक्तातील आम्ल वाढण्याचा धोका असतो, तोही कधी साखर फारशी वाढलेली नसताना. टाइप 1 मधुमेहात तर इन्सुलिन पूर्ण बंद करणे जिवावर बेतते. म्हणून पर्युषणाच्या महिनाभर आधी तज्ज्ञांची भेट घ्यावी. कोणास उपवास मुळीच झेपणार नाही, कोणाची मात्रा किती उतरवावी, हे ते रुग्णागणिक ठरवतात. ग्लुकोमीटर जवळ असावा. साखर 70 च्या खाली गेली, तर त्याच क्षणी ग्लुकोज घ्यावे लागते. पच्चक्खाणातही सर्वसमाधीचा आगार ठेवलेला आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावे.