सेरेनिटी लायब्ररीतील सुसंगतता मोडणारे बदल

सेरेनिटी ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली मुक्त स्रोत लायब्ररी आहे. डिस्कॉर्ड या संवादसेवेवर चालणारे चॅटबॉट तयार करण्यासाठी तिचा वापर होतो. तिची पहिली आवृत्ती इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आयएससी परवान्याखाली वितरित केली जाते. सेरेनिटीच्या ०.९, ०.१०, ०.११ आणि ०.१२ या आवृत्त्यांमध्ये असे बदल झाले की, आधीच्या आवृत्तीसाठी लिहिलेला बॉटचा कोड नव्या आवृत्तीबरोबर जसाच्या तसा चालत नाही. अशा बदलांना सुसंगतता मोडणारे बदल म्हणतात. त्यांपैकी बहुतेक बदल रस्टचा कंपायलर लगेच दाखवून देतो. काही बदल मात्र कंपायलरच्या कक्षेबाहेर राहतात आणि बॉट चालू झाल्यावरच, क्वचित कोणतीही त्रुटी न दाखवता, लक्षात येतात. त्यामुळे कोड कंपाइल होणे आणि बॉट पूर्ववत काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात.

पार्श्वभूमी

डिस्कॉर्ड ही सेवा इ.स. २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यावरील बॉट म्हणजे टोकन नावाच्या गुप्त किल्लीच्या आधारे सेवेशी जोडली जाणारी आज्ञावली होय. बॉटचा सेवेशी संबंध दोन मार्गांनी येतो. नवा संदेश आला, सदस्य दाखल झाला अशा घटनांची वर्दी गेटवे नावाच्या अखंड जोडणीवरून मिळते. संदेश पाठवणे, संदेश काढून टाकणे यांसारख्या कृतींसाठी एचटीटीपी विनंत्या केल्या जातात. या दोन्ही मार्गांचे तपशील सेरेनिटी स्वतः सांभाळते. कोणती घटना घडली असता काय करायचे, एवढेच बॉट लिहिणाऱ्याला ठरवावे लागते.

या रचनेमुळे प्रत्येक बॉट दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक म्हणजे लायब्ररी आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष सेवा. लायब्ररीची जुनी आवृत्ती वापरत राहण्याचे स्वातंत्र्य बॉटच्या चालकाला असते. सेवेची जुनी आवृत्ती मात्र त्याला स्वतःजवळ ठेवता येत नाही. सेवेने नियम बदलले की लायब्ररीला बदलावे लागते आणि त्यामागोमाग बॉटलाही.

आवृत्ती क्रमांकांचा अर्थ

रस्टमधील लायब्रऱ्या क्रेट या नावाने ओळखल्या जातात. कार्गो हे साधन त्या आणून जोडण्याचे काम करते. कार्गो सिमेंटिक व्हर्जनिंग या संकेतानुसार चालते. या संकेतात आवृत्तीचे तीन अंक असतात. सुसंगतता मोडणारा बदल झाल्यास पहिला अंक, सुसंगत भर पडल्यास दुसरा अंक आणि केवळ दुरुस्ती झाल्यास तिसरा अंक वाढवला जातो. ज्या लायब्ररीचा पहिला अंक शून्य आहे तिच्या बाबतीत कार्गो दुसऱ्या अंकाला पहिल्याचे महत्त्व देते. म्हणून ०.११ वरून ०.१२ वर जाणे हे १ वरून २ वर जाण्याइतकेच मोठे पाऊल ठरते.

प्रकल्पाच्या कार्गो.टॉमल या फाइलमध्ये ‘०.११’ असे लिहिले असेल, तर कार्गो ०.११.० पासून पुढची, परंतु ०.१२.० च्या आतली आवृत्ती निवडते. निवडलेल्या नेमक्या आवृत्त्या कार्गो.लॉक या फाइलमध्ये नोंदवल्या जातात. ‘कार्गो अपडेट’ ही आज्ञा दिली तरी ही मर्यादा ओलांडली जात नाही. सुसंगतता मोडणारी आवृत्ती त्यामुळे आपोआप येत नाही. चालकाने अंक बदलला तरच ती येते.

रस्ट भाषेची स्वतःची स्थिती याहून वेगळी आहे. मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून या भाषेने जुना कोड चालू ठेवण्याचे धोरण सांभाळले आहे. भाषा स्थिर आणि लायब्ररी बदलती, या परिस्थितीत कोड दुरुस्तीचे बहुतेक काम लायब्रऱ्यांमुळे उद्भवते.

प्रमुख बदल

आवृत्ती ०.९

नोव्हेंबर २०१९ मध्ये रस्टच्या १.३९ आवृत्तीत असिंक-अवेट ही रचना स्थिर झाली. एखाद्या कामाचे उत्तर येईपर्यंत संपूर्ण थ्रेड अडवून न ठेवता दुसरे काम हाती घेण्याची सोय तिच्यामुळे मिळाली. इ.स. २०२० मधील ०.९ आवृत्तीत सेरेनिटीने ही रचना स्वीकारली. घटना हाताळणारी फंक्शने असिंक झाली आणि डिस्कॉर्डला विनंती पाठवणाऱ्या प्रत्येक हाकेच्या शेवटी ‘अवेट’ लिहिणे आवश्यक झाले.

आवृत्ती ०.१०

असिंक कोड चालवण्यासाठी सेरेनिटी टोकियो या लायब्ररीचा आधार घेते. टोकियोची १.० आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली. इ.स. २०२१ मधील ०.१० आवृत्तीत सेरेनिटीने तिचा स्वीकार केला. बॉटच्या कोडमध्ये फारसा फरक पडला नाही, परंतु कार्गो.टॉमलमधील टोकियोचा अंकही सोबत बदलणे आवश्यक झाले.

आवृत्ती ०.११

इ.स. २०२२ मधील या आवृत्तीपासून बॉटला कोणत्या घटना हव्या आहेत, हे गेटवे इंटेंट्सच्या रूपाने स्पष्टपणे सांगणे बंधनकारक झाले. क्लायंट तयार करणारे फंक्शन पूर्वी केवळ टोकन घेत असे. आता ते टोकन आणि इंटेंट्स अशी दोन मूल्ये घेऊ लागले. याच सुमारास डिस्कॉर्डने संदेशांतील मजकूर वाचण्याचा अधिकार विशेष इंटेंटमध्ये समाविष्ट केला.

आवृत्ती ०.१२

इ.स. २०२३ च्या अखेरीस आलेल्या या आवृत्तीतील बदल सर्वांत व्यापक होते.

संदेश रचण्याची पद्धत बदलली. पूर्वी संदेश पाठवणाऱ्या फंक्शनला क्लोजर, म्हणजे जागच्या जागी लिहिलेले निनावी फंक्शन, दिले जाई आणि त्याच्या आत मजकूर भरला जाई. संदेशात एम्बेड म्हणजे चौकट असेल तर क्लोजरच्या आत आणखी एक क्लोजर लिहावे लागे. नव्या पद्धतीत ‘क्रिएटमेसेज’ व ‘क्रिएटएम्बेड’ ही मूल्ये आधी स्वतंत्रपणे तयार करून मग फंक्शनला दिली जातात. असे मूल्य चलात साठवता येते, अट तपासून त्यात भर घालता येते आणि दुसऱ्या फंक्शनकडे सोपवता येते.

ओळखक्रमांकांचे स्वरूपही बदलले. चॅनेल, सर्व्हर व सदस्य यांचे ओळखक्रमांक शून्य नसलेल्या संख्येच्या प्रकारात ठेवले गेले. ‘चॅनेलआयडी’च्या कंसात थेट संख्या लिहिण्याऐवजी ‘न्यू’ हे फंक्शन आणि आतली संख्या काढण्यासाठी ‘गेट’ हे फंक्शन वापरावे लागते.

अनेक नावे आटोपशीर झाली. ‘ॲप्लिकेशनकमांडइंटरॅक्शन’ या प्रकाराचे नाव ‘कमांडइंटरॅक्शन’ झाले आणि ‘क्रिएट इंटरॅक्शन रिस्पॉन्स’ या फंक्शनचे नाव ‘क्रिएट रिस्पॉन्स’ झाले.

कॅश म्हणजे स्मृतीतील साठ्यातून सर्व्हरची माहिती मागितल्यास पूर्वी तिची संपूर्ण प्रत मिळे. आता केवळ संदर्भ मिळतो. त्यामुळे स्मृतीची बचत होते. मात्र हा संदर्भ हातात धरून ‘अवेट’ करता येत नाही; तसे केल्यास फ्यूचर एका थ्रेडवरून दुसऱ्यावर सुरक्षितपणे नेता येत नाही, अशी त्रुटी कंपायलर दाखवतो. नेमकी हवी तेवढी माहिती लहानशा स्वतंत्र ब्लॉकमध्ये काढून घेणे आणि संदर्भ सुटल्यानंतरच ‘अवेट’ करणे, हा त्यावरील उपाय आहे.

आज्ञा हाताळण्यासाठी सेरेनिटीत असलेला ‘स्टँडर्ड फ्रेमवर्क’ हा भाग ०.१२ मालिकेत कालबाह्य घोषित झाला आणि त्याच्या जागी पॉइझ ही लायब्ररी सुचवण्यात आली. कालबाह्य घोषित केलेला भाग वापरल्यास कंपायलर इशारा देतो. कोड अडत नाही.

कंपायलरला न दिसणारे परिणाम

नाव किंवा प्रकार बदलला की कंपायलर फाइल व ओळ दाखवून काम थांबवतो. पुढील चार प्रसंगी मात्र कोड विनातक्रार कंपाइल होऊनही बॉट बिघडू शकतो.

पहिला प्रसंग ‘अवेट’ विसरण्याचा आहे. रस्टमधील असिंक फंक्शनला नुसती हाक मारल्याने काम सुरू होत नाही. ‘अवेट’ केल्यावरच ते घडते. एरवी या चुकीबद्दल कंपायलर इशारा देतो. परंतु संदेश पाठवण्याचा निकाल दुर्लक्षित करण्यासाठी तो अधोरेखा या चिन्हात टाकण्याची पद्धत बॉटच्या कोडमध्ये सर्रास आढळते. तशा ओळीत हा इशाराही दडपला जातो आणि संदेश कधीच पाठवला जात नाही. क्लिपी या तपासणी साधनात ही चूक शोधण्याची सोय आहे.

दुसरा प्रसंग टोकियोच्या दोन आवृत्त्या एकत्र येण्याचा आहे. बॉट टोकियो ०.२ वर आणि सेरेनिटी टोकियो १ वर राहिली, तरी कोड कंपाइल होतो. बॉट सुरू करताच मात्र तो टोकियो १ चा रनटाइम सापडत नसल्याचे सांगून कोसळतो.

तिसरा प्रसंग सर्वाधिक फसवा आहे. ०.११ मध्ये इंटेंट्स देणे बंधनकारक असले, तरी योग्य इंटेंट्स दिले आहेत की नाहीत हे कंपायलरला कळू शकत नाही. संदेशमजकुराचा इंटेंट न दिल्यास बॉट जोडला जातो, हजर दिसतो आणि त्याला संदेशांची वर्दीही मिळते. पण त्या संदेशांतील मजकूर रिकामा असतो. ‘!पिंग’ अशा शब्दाने सुरू होणाऱ्या आज्ञांना तो प्रतिसाद देत नाही आणि त्रुटीही नोंदवत नाही. बॉटला थेट पाठवलेले आणि त्याचा नामोल्लेख असलेले संदेश या नियमातून वगळलेले आहेत. त्यामुळे खाजगी संदेशावर केलेली चाचणी यशस्वी होते आणि सर्व्हरवर मात्र बॉट मूक राहतो. याउलट कोडमध्ये इंटेंट मागितला, पण डिस्कॉर्डच्या विकासक पृष्ठावर तो सुरू केला नाही, तर गेटवे ४०१४ हा संकेतांक देऊन जोडणी बंद करतो. ही चूक निदान उघडपणे समोर येते.

चौथा प्रसंग शून्याचा आहे. चॅनेल ठरलेला नाही हे दर्शवण्यासाठी काही बॉट ओळखक्रमांक म्हणून शून्य साठवतात. ०.१२ मध्ये शून्यापासून ओळखक्रमांक बनवण्याचा प्रयत्न झाल्यास आज्ञावली पॅनिक होते. मूल्य साठवणीतून येत असल्याने ते कंपायलरला आधी दिसत नाही. अशा ठिकाणी ‘ऑप्शन’ हा प्रकार वापरणे आणि साठवलेली जुनी शून्ये आधीच बदलून घेणे आवश्यक असते.

अद्ययावतीकरणाची पद्धत

अनेक आवृत्त्या मागे राहिलेला बॉट एकाच उडीत ०.१२ वर नेल्यास वेगवेगळ्या कारणांच्या त्रुटी एकमेकींत मिसळतात. ०.१०, ०.११, ०.१२ असे टप्पे घेतल्यास प्रत्येक टप्प्यावरील त्रुटी त्या टप्प्याच्या बदलनोंदीशी ताडून पाहता येतात. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्यावर कोडची नोंद गिटमध्ये केल्यास चालत्या स्थितीकडे परतणे सोपे जाते.

सेरेनिटीवर आधारलेल्या लायब्रऱ्या तिच्यासोबतच बदलाव्या लागतात. उदाहरणार्थ, पॉइझची ०.५ मालिका सेरेनिटी ०.११ शी आणि ०.६ मालिका ०.१२ शी जुळते. हे अंक जुळले नाहीत तर कार्गो सेरेनिटीच्या दोन प्रती जोडते. मग ‘कॉन्टेक्स्ट हवा होता, कॉन्टेक्स्ट मिळाला’ अशी वरकरणी निरर्थक त्रुटी दिसते. दोन्ही प्रकारांचे नाव एकच असले, तरी ते दोन निराळ्या आवृत्त्यांतले असतात. ‘कार्गो ट्री’ या आज्ञेला ‘डुप्लिकेट्स’ हा पर्याय जोडल्यास अशी दुहेरी अवलंबने दिसतात.

त्यानंतर ‘कार्गो चेक’ चालवून त्रुटी दूर केल्या जातात. एका चुकीतून अनेक त्रुटी निघत असल्याने आधी बदललेली नावे व प्रकार, मग संदेशरचना आणि शेवटी कॅश व ‘अवेट’ यांच्याशी संबंधित त्रुटी हाताळणे सोयीचे ठरते. त्रुटी संपल्यावर इशारेही वाचावे लागतात. अखेरची पायरी प्रत्यक्ष चाचणीची असते. वेगळे टोकन घेतलेला चाचणीचा बॉट एका लहान सर्व्हरवर चालवून प्रत्येक आज्ञा सार्वजनिक चॅनेलमध्ये द्यावी लागते. कंपायलरला न दिसणारे परिणाम याच पायरीवर उघड होतात.

जुन्या आवृत्तीवर राहण्याचे परिणाम

क्रेट्स.आयओ या भांडारातून जुन्या आवृत्त्या सहसा काढून टाकल्या जात नाहीत. त्यामुळे कार्गो.लॉक फाइल जपून ठेवलेला जुना बॉट वर्षानुवर्षे कंपाइल होऊ शकतो. परंतु तेवढ्याने तो चालत राहील असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्कॉर्डने ध्वनीसंवादासाठीच्या जुन्या कूटलेखन पद्धती बंद केल्या. सेरेनिटीच्या बॉटमध्ये ध्वनीसंवादासाठी सॉंगबर्ड ही लायब्ररी वापरली जाते. तिच्या जुन्या आवृत्तीवर राहिलेले बॉट, त्यांच्या कोडमधील एकही अक्षर बदललेले नसताना, ध्वनीचॅनेलशी जोडले जाणे थांबले.

असे बॉट बहुधा एखाद्या लहान समूहासाठी एखाद्याच व्यक्तीने फावल्या वेळात सांभाळलेले असतात. प्रत्येक सुसंगतताभंगाचा भार त्या व्यक्तीवर येतो. तो टाळत गेल्यास एखाद्या दिवशी सेवेतील बदलामुळे तीन-चार आवृत्त्यांचे काम, तेही बॉट बंद पडलेला असताना, एकत्र करावे लागते. दुसऱ्या बाजूने पाहता, ०.१२ मधील बदलांमुळे पूर्वी चालू बॉटमध्ये उद्भवणाऱ्या काही चुका कंपाइल होतानाच अडवल्या जाऊ लागल्या. आज केलेल्या दुरुस्तीच्या बदल्यात मिळणारी ही सुरक्षितता खरी आहे. मात्र ती प्रकारांपुरती मर्यादित आहे. सेवेकडे मागितलेले अधिकार, साठवलेली माहिती आणि रनटाइम यांची पडताळणी बॉटच्या चालकालाच करावी लागते.

हे सुद्धा पहा

रस्ट (प्रोग्रॅमिंग भाषा)
डिस्कॉर्ड
सिमेंटिक व्हर्जनिंग
चॅटबॉट