मसावि आणि गोधडी

शाळेत मसावि म्हटला की मला धडकी भरे. तो उलगडला अम्मीच्या गोधडीपाशी. कापड ८४ सेंटिमीटर लांब, ६० रुंद. सारखे चौकोनी तुकडे हवेत, चिंधीही वाया जायला नको.

८४ आणि ६० या दोहोंना १, २, ३, ४, ६, १२ यांनी निःशेष भाग जातो. हे सामाईक विभाजक. चौकोनाची बाजू यांतली कुठलीही चालेल. पण तुकडे मोठे तर शिवण कमी. म्हणून सर्वांत मोठा, १२. हाच मसावि, महत्तम सामाईक विभाजक. तुकडे ३५.

अम्मी निरक्षर. ती दोरीने मापी : ८४ मधून ६० गेले, उरले २४. ६० मधून २४ दोनदा, उरले १२. २४ मधून १२ दोनदा, बाकी शून्य. युक्लिडने हीच रीत सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवली.

शाळेत मी नापास झालो, ते अम्मीच्याच गणितात!