लाईट गेली, गिरणी थांबली: पहिला फोन कुणाला?

आज मार्केटिंग नाही, लाईटवर बोलू. गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावात पिठाची गिरणी, वेल्डिंग किंवा आईस्क्रीमचा धंदा काढायचा, तर वळवाच्या वाऱ्यात जाणारी लाईट हिशोबात धरावीच लागते.

लाईट गेली की आपला पहिला फोन ओळखीच्या लाईनमनला. करा की, पण तेवढ्याने तक्रार नोंदली जातेच असं नाही. आधी आपली एमसीबी बघा. शेजारी लाईट आहे आणि आपल्याकडेच नाही, तर दोष आपल्याच वायरिंगमध्ये असू शकतो. बाहेरचा असेल तर महावितरणचा टोल फ्री नंबर लावा: १९१२ किंवा १८००-२१२-३४३५. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक दुकानात भिंतीवर लिहून ठेवा. आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. फ्यूज गेला, तार तुटली, डीपी जळाली, या प्रत्येकाला राज्य वीज नियामक आयोगाने दुरुस्तीची मुदत ठरवून दिलीय, मुदत हुकली तर भरपाईचीही तरतूद आहे. नोंदच नसेल तर वेळ मोजणार कुठून?

तार तुटून पडली असेल तर फोनवर तेच आधी सांगा. तार मेलेली दिसली तरी जवळ जायचं नाही, माणसं-जनावरं लांब ठेवायची.

आता खरी काळजीची गोष्ट. धंदा थांबलाय, गिऱ्हाईक दळणाचा डबा घेऊन उभं आहे, मग कुणीतरी म्हणतं, "चला, डीपीवर जाऊन फ्यूज टाकू." अजिबात नाही! ते काम फक्त महावितरणच्या माणसाचं.

जनरेटरवाल्यांनी तर कान देऊन ऐका. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडला, तर करंट उलटा डीपीत जातो. डीपी ११ हजार व्होल्टचे ४०० च्या आसपास करते ना? उलट्या दिशेने तीच डीपी पुन्हा हजारो व्होल्ट तयार करू शकते. लाईन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या लाईनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. जनरेटर बंद खोलीतही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

थ्री फेजवाल्यांना अजून एक. एक फेज गेला तरी चालू मोटार घरघरत फिरत राहते, तापते आणि वाइंडिंग जळतं. त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मिळतो. मोटार रिवाइंड करायच्या खर्चापुढे तो स्वस्तच.

आणि लाईट गेल्या गेल्या सगळ्या मशीनचे स्विच बंद करा. पट्ट्यात अडकलेलं पीठ काढायला हात घातलाय आणि तेवढ्यात लाईट आली, तर गिरणी तुम्हाला विचारून सुरू होत नाही.