ऑक्सिजन सेन्सर पुन्हा पुन्हा का निकामी होतो? दोष सुट्या भागाचा की गाडीचा?

ओरत्तनाडु (तंजावर, तामिळनाडू) : पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि दिवा विझतो. काही आठवड्यांनी तोच दिवा पुन्हा लागतो, मग दुसरा सेन्सर येतो आणि नंतर तिसरा. मालवाहतुकीवर पोट असलेल्या गाडीमालकासाठी हा खर्च आणि खाडा दोन्ही जड जातात. वास्तविक चांगल्या प्रतीचा सेन्सर सामान्यतः एक लाख किलोमीटरच्या पुढे टिकतो. तो वारंवार निकामी होत असेल, तर दोष बहुधा त्याच्यात नसून त्याच्या आसपास असतो.

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या मार्गावरील ओरत्तनाडु हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाव. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या काळात उभारलेले मुक्तांबाळ छत्र येथेच आहे. आजूबाजूला भातशेती, नारळाच्या बागा आणि कालव्यांचे जाळे असल्याने धान्य व नारळ वाहून नेणारी लहान मालवाहू वाहने येथील व्यवहाराचा कणा ठरतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पाऊस, पाणी साचलेले रस्ते आणि धान्यामागे येणारे उंदीर या तिन्ही गोष्टी गाडीच्या वायरिंगची परीक्षा पाहतात. कोकणातील किंवा पूर्व विदर्भातील भातपट्ट्यातही परिस्थिती फारशी वेगळी नाही.

सेन्सरचे काम

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी इंधनाच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून हे प्रमाण ओळखण्याचे काम हा सेन्सर करतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केलेला असा सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्होल्वोच्या मोटारींत आला. झिरकोनियाच्या नेहमीच्या सेन्सरचा विद्युतदाब इंधन जास्त असताना सुमारे ०.९ व्होल्टपर्यंत चढतो आणि हवा जास्त असताना ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. त्यानुसार इंजिनाचे नियंत्रक यंत्र इंधन कमी-जास्त करते. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच नीट काम करतो, म्हणून त्यात हीटर बसवलेला असतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर मिश्रण सांभाळतो, तर नंतरचा सेन्सर कन्व्हर्टर काम करतो की नाही यावर लक्ष ठेवतो. दोन्ही दिसायला सारखे असल्याने बिघाड एकाचा आणि बदल दुसऱ्याचा, असा घोटाळा होऊ शकतो.

संकेतांक म्हणजे निदान नव्हे

स्कॅनरवर दिसणारा संकेतांक तपास कोठून सुरू करायचा एवढेच सांगतो. ‘पी०१३५’ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या विद्युतमार्गात दोष, तर ‘पी०१४१’ म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरच्या मार्गात. येथे हीटरइतकाच संशय फ्यूज, वायर आणि कनेक्टरवर घ्यावा लागतो. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. अशा वेळी सेन्सर खरी तक्रार पोहोचवत असण्याचीच शक्यता अधिक असते. ‘पी०४२०’ कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सुचवतो.

सेन्सरच्या आधीच्या धूरनळीत चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि नियंत्रक यंत्र गरज नसताना इंधन वाढवते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी न पडल्यासही न जळलेला ऑक्सिजन धुरात येऊन तसाच भास होतो. वाढीव इंधनाची काजळी पुढे सेन्सरवरच बसते. अशा गाडीत नवा सेन्सरही लवकरच जुन्याच्या वाटेने जातो.

काढलेला सेन्सर काय सांगतो

जुना सेन्सर फेकून न देता त्याचे टोक पाहणे हा सर्वांत स्वस्त तपास आहे. कोरडी काळी काजळी इंधन जास्त जात असल्याची खूण असते. तपकिरी किंवा राखट थर असेल, तर इंजिन ऑइल जळत असावे. ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्ताचे अंश सेन्सर निकामी करतात. पांढरा, दाणेदार थर सिलिकाचा असतो. हेड गॅस्केटमधून झिरपणारे कूलंट किंवा इंजिन जोडताना वापरलेला अयोग्य सिलिकॉन सीलंट हे त्याचे नेहमीचे उगम. सिलिकाचा थर बसलेला सेन्सर पुन्हा उपयोगी पडत नाही.

टोक स्वच्छ असूनही आतील सिरॅमिक तडकलेले असेल, तर पाण्याचा संशय घ्यावा. तापलेल्या सेन्सरवर साचलेल्या पाण्याचा किंवा धुलाईच्या फवाऱ्याचा मारा झाल्यास तो तडकू शकतो.

टोक आणि सिरॅमिक दोन्ही ठीक असतील, तर वायरिंगकडे वळावे. धूरनळीला टेकून वितळलेले आवरण, उंदरांनी कुरतडलेली वायर, गंजलेली पिन आणि सैल अर्थिंग हे दोष डोळ्यांनी सापडतात. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधील फटींतून घेतात. म्हणून त्यांची वायर डाखाने जोडणे किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे नव्या सेन्सरलाही घातक ठरते.

तपासणीचा क्रम

प्रथम संकेतांक आणि दोष नोंदला गेला त्या क्षणाची माहिती टिपून ठेवावी. ती आधीच पुसल्यास मोठा पुरावा जातो. मग फ्यूज पाहावा आणि कनेक्टरवर हीटरसाठी बॅटरीचा पुरवठा येतो का, हे मल्टिमीटरने तपासावे. पुरवठा असूनही हीटर खंडित असेल, तरच सेन्सर दोषी. फ्यूज वारंवार जळत असेल, तर वायर कोठे तरी सांगाड्याला टेकत नाही ना, हे शोधावे.

इंजिन तापल्यावर स्कॅनरवर सेन्सरचा विद्युतदाब पाहावा. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होत असला पाहिजे. अॅक्सिलरेटर झटकन दाबताच तो चढावा आणि सोडताच उतरावा. तसे होत असेल, तर सेन्सर जिवंत आहे. त्यानंतर धूरनळीची गळती, स्पार्क प्लग, इंजेक्टर, ऑइलचा खप आणि कूलंटची पातळी तपासावी. सेन्सर बदलायचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

ही कसोटी पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांतील नेहमीच्या सेन्सरसाठी आहे. डिझेल पिकअपमध्ये आणि अनेक नव्या पेट्रोल गाड्यांत विस्तृत कक्षेचा सेन्सर असतो, त्याचा आकडा असा वरखाली होत नाही. भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा वेगळा सेन्सरही असू शकतो. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेतील मूल्येच प्रमाण मानावीत.

दिवा विझवण्याची किंमत

वैतागून सेन्सरला बगल देणारे जोडकाम करून घेण्याचा मोह होतो. दिवा विझतो, पण इंधनाचा अपव्यय सुरूच राहतो आणि न जळलेल्या इंधनामुळे कन्व्हर्टर अतितप्त होऊन वितळू शकतो. त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. भारत स्टेज-६ निकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गाडीने स्वतःच्या उत्सर्जन यंत्रणेवर ठेवायची देखरेख अधिक कडक झाली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रदूषणाच्या निकषांचा भंग केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

त्यामुळे दुसऱ्यांदा सेन्सर बदलण्यापूर्वी गाडीमालकाने गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागाव्यात : काढलेला जुना सेन्सर, संकेतांकाची लेखी नोंद आणि हीटरच्या पुरवठ्याची समोर केलेली मोजणी. या तिन्हींना फारसा खर्च येत नाही आणि तिसऱ्या सेन्सरचे पैसे वाचण्याची शक्यता त्यांतच असते.