माझी तंबाखू, माझे पैसे, सरकारचा काय संबंध?

पानटपरीवर तंबाखूचा बार भरताना हा सवाल हमखास ऐकू येतो. तो उद्धट वाटला, तरी रास्त आहे. नागरिकाने काय खावे, काय ओढावे यात सरकारने कुठवर हात घालावा? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यांतले बहुतेक धूर काढत नाहीत. तंबाखू चघळतात किंवा मशेरी लावतात. सवाल महत्त्वाचा असल्यानेच त्याभोवतीचे गैरसमज बाजूला सारायला हवेत.

गैरसमज १: खाणारा स्वखुशीने खातो.
वस्तुस्थिती: पहिली चिमूट स्वखुशीची असेलही, पण ती अनेकदा शाळा-कॉलेजच्या वयातली असते. पुढचा कारभार निकोटीन पाहते. याच सर्वेक्षणात देशभरातल्या ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आणि ४९.६ टक्के धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांनी सोडण्याचा बेत किंवा विचार असल्याचे सांगितले. ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, त्याला मदत करणे म्हणजे त्याच्या मर्जीविरुद्ध जाणे नव्हे. १८ वर्षांखालच्यांना आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, तीही निर्णयाची समज येण्याआधीच व्यसन जडू नये म्हणून.

गैरसमज २: धूम्रपानबंदी आणि पाकिटावरची चित्रे स्वातंत्र्यावर घाला घालतात.
वस्तुस्थिती: मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शाळा, न्यायालये, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. आधार होता घटनेचे कलम २१: जो ओढत नाही, त्याने दुसऱ्याचा धूर का गिळावा? घरात ओढणाऱ्याला त्या आदेशाने हात लावला नाही. चित्रांबाबत तर व्यक्तिस्वातंत्र्याचा खंदा पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल याचाच दाखला देता येतो. घातक वस्तूवर धोक्याची सूचना लिहायला लावल्याने स्वातंत्र्याचा भंग होत नाही, असे त्याने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात मांडले. २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी आहे. तो पाहून विकत घ्यायची की नाही, हे गिऱ्हाइकानेच ठरवायचे असते.

गैरसमज ३: गुटखाबंदीने खाणारा गुन्हेगार ठरला.
वस्तुस्थिती: २०१२ मध्ये महाराष्ट्राने घातलेली बंदी उत्पादन, साठा, वाहतूक आणि विक्रीवर आहे, खाण्यावर नाही. गुटखा कायद्याने अन्नपदार्थ ठरतो आणि अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत मनाई आहे. ज्याने पुडी बनवली आणि ज्याने विकली, जबाबदारी त्याची, हे नीतीला धरूनच आहे. अर्थात कागदावरची बंदी पुरेशी नाही. चोरटा गुटखा आजही पकडला जातो आणि सुटी तंबाखू तर राजरोस मिळते.

गैरसमज ४: करवाढ म्हणजे सरकारची कमाई आणि गरिबाची लूट.
वस्तुस्थिती: कमाईचे गणित जुळत नाही. तंबाखूजन्य आजार आणि अकाली मृत्यू यांमुळे २०१७-१८ मध्ये देशाचे सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा ३५ वर्षांवरील लोकांपुरता केलेला अंदाज आहे. तंबाखूवरील उत्पादन शुल्कातून मिळणारी रक्कम त्याच्या आसपासही नाही. लुटीचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. जो सोडू शकत नाही, त्या गरिबाच्या खिशाला कर जास्त बोचतो. पण भाव वाढला की वापर सोडणारे वा कमी करणारेही गरीबच अधिक असतात. विकसनशील देशांत किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ५ टक्के घटतो. म्हणून करासोबत व्यसनमुक्तीची फुकट सोय हवी. ती नसेल तर तो कर नुसता दंड ठरतो. विडी स्वस्त ठेवणे हाही गरिबांचा कळवळा नव्हे. २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. आरोग्याच्या दृष्टीने हे उलटे पाऊल आहे.

गैरसमज ५: लाज वाटली की माणूस आपोआप सुधारतो.
वस्तुस्थिती: लाजेने माणूस लपतो. मशेरी लावणारी बाई डॉक्टरांना सांगायला कचरते, तोंडातला पांढरा चट्टा दाखवत नाही आणि उपचाराला उशीर होतो. भूक मारायला किंवा कामाचा शीण घालवायला तंबाखू मळणाऱ्या मजुराला ‘आपल्या कर्माची फळं’ म्हणणे सोपे आहे. पण त्याला कामाच्या ठिकाणी वेळेवर जेवण आणि विश्रांती मिळते का, हे कोणी विचारत नाही. उपचार हा रुग्णाचा हक्क आहे, चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे.

आरोग्य-धोरण नैतिक आहे की नाही, हे ओळखण्याची कसोटी साधी आहे: त्याचा बडगा आधी विकणाऱ्यावर पडतो की खाणाऱ्यावर, आणि मनाई करताना सुटकेची वाट दाखवली जाते की नाही? ती वाट आज उपलब्ध आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. घरात कोणी सोडायचे म्हणत असेल, तर उपदेश बाजूला ठेवा आणि हा नंबर लावून द्या.